दुसऱ्या ठोक्यावर

साखर पेठेत राजेशम गुंडेटीचं दुकान,
म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि कथलाचा धूर.
मी अकरा वर्षांचा. आई मिलमध्ये, वाइंडिंग खात्यात.
तिच्या पाळीचा भोंगा होईस्तोवर मी इथं
स्क्रू निवडत.

रेल्वे लाइन्समधला गार्ड पर्सी
ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा
कपाट विकलं, सायकल विकली, कोंबड्या वाटून टाकल्या,
आणि खोकंभर तबकड्या
राजेशमनं रेडिओच्या बिलात वळत्या करून घेतल्या.
जड, काळ्या, बशीसारख्या फुटणाऱ्या.
"लाख हाय ही," नखानं टिचकी मारून तो म्हणाला,
"आपल्याकडच्या किड्याची. बांगडीतली.
बोटीनं गेली, गाणं भरून परत आली."

सुई टेकली.
आधी नुसती मोहरी तडतडली.
मग पियानो,
डाव्या हातानं मालगाडी ओढणारा,
उजव्या हातानं खिडकीतून टाटा करणारा.

"इनु रा," राजेशम म्हणाला. ऐक.
"जोर एकवर नाही. दोनवर. मग चारवर."
त्याचा बाप खड्डामागावर बसायचा,
कमरेपर्यंत जमिनीत.
धोटा गेला, फणी आली. गेला, आली.
येण्यातच सगळा जोर.
पोराला वेगळं काही शिकायचं उरलं नव्हतं.

थोडं पर्सीनं सांगितलेलं,
बाकीचं त्यानं स्वतः डाग देऊन जोडलेलं:
तिकडंही कापूसच.
वेचणारी माणसं विकत आणलेली, बोटीच्या तळातून.
एकानं हाक द्यायची, सऱ्यांनी ओ.
तीच हाक रविवारी देवळात देवाच्या नावानं,
शनिवारी रात्री गुत्त्यात दुसऱ्या कुणाच्या.
डोंगरातल्या गरीब गोऱ्यांची सारंगी
येऊन मिसळली, कधी विचारून, कधी न विचारता.
आणि नाव? डोलणं, लोळणं.
आधी जहाजाचं, मग अंगात आल्यावरचं, मग...
इथं तो माझ्याकडं बघून थांबला
आणि रेझिस्टर शोधायला लागला.

जानेवारीत गड्डा भरला.
पाळणेवाल्याचा कर्णा बंद, पेटीतला स्पीकर फाटलेला.
तिकडंही म्हणे एकदा गाडीवरून अँप्लिफायर पडला होता,
कागद कोंबून तसाच वाजवला,
आणि त्या गुरगुरण्यालाच लोक भुलले.
राजेशमनं तेलुगू पेपराचं पान चुरगाळून
कोनात बसवलं. तबकडी लावली.
स्पीकर घसा बसलेल्या माणसासारखा गायला लागला.

शेजारी सटवा कसबे
चिपाडाच्या जाळावर हलगी शेकत होता.
त्यानं एक फेरा जाऊ दिला.
दुसऱ्याला शिरला. बरोबर दोनवर.
कुणी खूण केली नव्हती.

"कुठली म्हणायची ही माणसं?"
राजेशमनं सांगितलं:
हॉटेलात वाजवायचं, जेवायचं मागं, भटारखान्याच्या दाराशी.
तबकड्यांची यादीसुद्धा वेगळी.
मग एखाद्या गोऱ्या पोरानं तीच चाल म्हणायची,
आणि त्याचं नाव मोठ्या अक्षरात.
सटवानं हलगी उलटून पाहिली.
"आमचं पान बी मांडवाच्या भाईरच," तो म्हणाला,
"वाजणं तेवढं आत जातंय."
आणि चामडं पुन्हा जाळावर धरलं.
पाळणा फिरत होता. वर बसलेली पोरं
कशावर ओरडत होती, त्यांनाच ठाऊक.

आई पाळी संपवून आली,
भुवयांवर, केसांवर कापूस.
सोळा वर्षांच्या मशिनींनी तिचे कान निम्मे नेलेले,
म्हणून तिनं तळवा थेट पेटीवर ठेवला,
ताप बघतात तसा. बराच वेळ.

"याच्यासाठी वीज जाळताय व्हय?" ती म्हणाली.
"हे तर मी आठ तास ऐकून आले."

हात मात्र काढला नाही.
राजेशमनं तबकडी उलटली.